साखरेत माती नसते

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत, त्यांना या गावात 'गुरुजी' एवढंच म्हटलं तरी पुरतं. त्यांच्या घरामागे गोबरगॅस होता. त्या काळी तो बघायला लांबून माणसं यायची. पाहुण्याला स्वयंपाकघरातली निळी ज्योत बघायची असे. गुरुजी त्याला आधी मागच्या अंगाला न्यायचे. टाकीच्या दुसऱ्या तोंडातून काळपट-हिरवी रबडी खड्ड्यात उतरत असे. खड्ड्यावर पऱ्हाट्यांचा मांडव घातलेला आणि त्यावर गोणपाट. मी बारा वर्षांचा होतो. शेणाला सावली कशाला, हा प्रश्न मी त्यांना विचारला होता. ते म्हणाले, "उन्हात याचं खत उडून जातं." नेमकं काय उडतं आणि का, हे मला कृषी रसायनशास्त्र शिकताना दहा वर्षांनी कळलं. आज बोलायचं आहे ते त्या खड्ड्याबद्दल आणि त्याच्या आताच्या मोठ्या भावंडांबद्दल: साखर कारखान्यांशेजारी, दूध संघांशेजारी उभ्या राहणाऱ्या बायोगॅस प्रकल्पांतून रोज निघणाऱ्या पातळ स्लरीबद्दल.

आधी घरगुती हिशेब करू. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज साधारण 50 किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. शंभर किलो शेणकाला आत जातो. एक किलो शेणापासून सुमारे 40 लिटर वायू मिळतो, म्हणजे दिवसाला दोन घनमीटर. या वायूचं वजन किती? सव्वादोन ते अडीच किलो. म्हणजे शंभर किलो आत गेलं, त्यातलं अडीच किलो चुलीकडे गेलं आणि साडेसत्त्याण्णव किलो मागच्या खड्ड्यात आलं. आपण या यंत्राला नाव मात्र अडीच किलोचं दिलं. प्रकल्प अहवालांत, अनुदानाच्या अर्जांत, उद्घाटनाच्या भाषणांत वायूचेच आकडे असतात. खड्ड्यातलं 'शिल्लक' म्हणून एका ओळीत संपवलं जातं.

आता त्या वायूत काय असतं ते पाहा. मिथेन म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइड. यात नत्र जवळपास नाही, स्फुरद नाही, पालाश नाही. चाऱ्याने मातीतून ओढलेलं आणि शेणात उतरलेलं सारं त्या साडेसत्त्याण्णव किलोत आहे. हाच नियम उसाला लावून बघा. शुद्ध साखर म्हणजे कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. इथेनॉल म्हणजे पुन्हा तेच तिघं. ही तिन्ही मूलद्रव्यं उसाने हवेतून आणि पाण्यातून घेतलेली असतात. साखरेच्या पोत्यात, इथेनॉलच्या टँकरमध्ये, बायोगॅसच्या सिलिंडरमध्ये मातीचं काही जात नाही. आपण बाजारात विकतो ते ऊन, हवा आणि पाणी. मातीने दिलेला पालाश मळीत उतरतो आणि मळीतून आसवनीच्या सांडपाण्यात, म्हणजे स्पेंटवॉशमध्ये. स्फुरदाचा बराचसा भाग रस गाळून उरलेल्या गाळात, म्हणजे प्रेसमडमध्ये राहतो. हे सगळं शेतात परत गेलं, तर उसाने जमीन खंगायचं कारण फार थोडं उरतं. ते परत जात नाही म्हणून आपण खताच्या दुकानापुढे रांग लावतो. पालाशचं म्युरेट तर देशाला सगळंच्या सगळं बाहेरून आणावं लागतं.

हा विचार नवा नाही आणि परका तर नाहीच. 1897 साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठालयात मैल्यापासून निघणारा वायू वापरात आणला गेला होता आणि तिथल्या सांडपाण्यावर शेतीही होत असे. पुढे कणकवलीजवळ गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याला सोनखत म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी आयुष्य वेचलं. त्यांच्या वाटेने चाललेल्या डॉ. मापुसकरांनी देहूसारख्या गावात संडासाला बायोगॅस जोडून दाखवला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या माणसांसाठी वायू ही सोबतची गोष्ट होती. मुख्य काम होतं घाण माणसाच्या हातून सुटावी आणि खत शेतात जावं हे. आजच्या प्रकल्पांत हा क्रम उलटला आहे.

आता गुरुजींच्या मांडवाकडे येतो. कच्च्या शेणातलं नत्र बरंचसं प्रथिनांत अडकलेलं असतं. हवा नसलेल्या टाकीत जिवाणू ती प्रथिनं फोडतात आणि त्यातलं नत्र अमोनियमच्या रूपात पाण्यात सुटं होतं. पिकाच्या मुळाला ते लगेच घेता येतं, म्हणून शेणखतापेक्षा स्लरीचा गुण लवकर दिसतो. पण या सुट्या रूपाला एक खोड आहे. स्लरीचा सामू आठच्या आसपास असतो. उष्णता वाढली, सामू वाढला, वारा लागला की अमोनियमचा अमोनिया होतो आणि हवेत जातो. नाकाला झोंबतो तो हाच. उघड्या खड्ड्यात स्लरी वाळवून तिच्या भाकऱ्यांसारख्या खपल्या करून ढीग लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, कारण वाळलेलं वाहायला सोपं. त्या खपल्यांत सेंद्रिय कर्ब राहतो, स्फुरद-पालाश राहतात, पण अमोनियातलं नत्र जवळजवळ सगळं गेलेलं असतं. गुरुजींचा मांडव म्हणजे नत्र-पुनर्प्राप्तीचा सगळ्यात स्वस्त प्रकल्प होता.

मग खत पातळ असतानाच शेतात का नेत नाही? कारण पाणी. ताज्या शेणात नत्र साधारण 0.3 टक्के धरलं, तर बरोबरीने पाणी घातल्यावर स्लरीत ते निम्मं होतं. हजार लिटरमध्ये दीड किलो. एकरी 40 किलो नत्र द्यायचं ठरवलं, तर जवळजवळ 27,000 लिटर स्लरी न्यावी लागेल. पाच हजार लिटरच्या टँकरच्या पाचाहून जास्त फेऱ्या. तेवढंच नत्र युरियाच्या 45 किलोच्या दोन पोत्यांत मावतं, आणि ती मोटारसायकलवरून येतात. शेतकरी आळशी आहे म्हणून स्लरी वापरत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा कागदावर मांडावा. पातळ स्लरीचा प्रश्न मुळात वाहतुकीचा आहे. पुढची सगळी यंत्रं या एकाच प्रश्नाची निरनिराळी उत्तरं आहेत.

पहिलं उत्तर बिनखर्चाचं: पाणी कमी घाला. शेणकाला कालवताना शक्य तेवढं गोमूत्र वापरा. त्यात नत्र आणि पालाश दोन्ही असतात आणि ते गोठ्यातून असंच वाहून जातं. दुसरं म्हणजे निघालेल्या स्लरीचं वरचं पातळ पाणी पुन्हा शेणकाल्यात घ्या. मोठे प्रकल्प हे करतात. पण याला मर्यादा आहे. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवलं की त्यात अमोनिया आणि क्षार साचत जातात. एका मर्यादेनंतर मिथेन करणारे जिवाणूच गुदमरतात. वायू कमी झाला की प्रकल्पाची धावपळ सुरू होते आणि एके रात्री ते साचलेलं पाणी ओढ्याला सोडलं जातं. अमोनियाच्या उग्र वासाने गावाला जाग येते.

प्रकल्पाचं पाणी नको तिथे गेलं की काय होतं, याबद्दल मी थोडं सविस्तर बोलणार आहे, कारण ते आमच्या घरात घडलं. माझ्या मामांची विहीर एका आसवनीपासून दोन शेतं पलीकडे होती. कोणत्या आसवनीपासून, ते आज महत्त्वाचं नाही. एका वर्षी उन्हाळ्यात त्या विहिरीचं पाणी कोऱ्या चहासारखं झालं. एक लिटर अल्कोहोलमागे 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो. त्याच्यावर बायोगॅसची प्रक्रिया केली की प्रदूषणाचा मोठा भाग, साठ-सत्तर टक्के, वायूत निघून जातो. रंग मात्र जात नाही. तो रंग मेलॅनॉइडिन नावाच्या द्रव्यांचा असतो आणि जिवाणूंना ती सहज पचत नाहीत. प्रक्रिया झाली, कागदावर आकडे बरे दिसले, आणि ते पाणी 'खत' म्हणून जवळच्याच त्याच त्या शेतांत वर्षानुवर्षं सोडलं गेलं. पालाश तर त्यात होताच. पण एका एकराला किती लागतो, याला हद्द असते. जास्तीचे क्षार मातीत राहिले आणि बाकीचं खाली उतरलं. मामांनी ती विहीर बुजवली नाही, पण तिचं पाणी गुरंही पीत नव्हती. खत आणि विष यांत इथे फरक होता तो फक्त एकराचा. तेच पाणी दहापट क्षेत्रावर गेलं असतं, तर मामांनी ते स्वतः मागून नेलं असतं.

म्हणून 'प्रक्रिया' हा शब्द मी जपून वापरतो. सांडपाण्यावरची नेहमीची प्रक्रिया काय करते? हवा भरभरून देऊन जिवाणूंकडून अमोनियाचं नायट्रेट करवून घेते आणि मग हवा तोडून नायट्रेटचा नत्रवायू करून तो वातावरणात सोडते. पाणी स्वच्छ होतं, हे खरं. पण कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून हवेतून ओढलेलं नत्र आपण वीज खर्चून परत हवेत पाठवतो. वाटेत थोडा नायट्रस ऑक्साइड सुटतो, तोही हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट घातक. शहरी मैलापाण्यासाठी हे कदाचित अपरिहार्य असेल. शेतीच्या स्लरीसाठी हा मार्ग स्वीकारणं ही मला उधळपट्टी वाटते.

आसवन्यांनी अलीकडे दुसरा मार्ग धरला आहे. स्पेंटवॉश आटवून घट्ट करायचा आणि बॉयलरमध्ये जाळायचा. राखेत पालाश उरतो. 2021 साली केंद्राने मळीपासून मिळणारा हा पालाश, त्याला पीडीएम म्हणतात, अनुदानित खतांमध्ये घेतला, त्यात 14.5 टक्के पालाश असतो. 2024 च्या जानेवारीत त्याचा कारखान्यांकडून घ्यायचा भाव टनाला 4263 रुपये ठरला. मी याचं स्वागत करतो. नद्यांच्या काळ्या पाण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. पण जाळल्यावर त्यातलं नत्र आणि कर्ब धुराड्यातून गेले, हे विसरू नये. ज्या मातीला सेंद्रिय कर्ब हवा आहे, तिच्या वाट्याचा कर्ब आपण जाळून फक्त राख परत देतो. ही अर्धी पुनर्प्राप्ती आहे.

आता यंत्रांकडे. सगळ्यात आधी स्क्रू प्रेस येतो. उसाच्या चरकाचा चुलतभाऊच. तो स्लरी पिळून चोथा आणि पाणी वेगळं करतो. चोथ्यात तंतू, कर्ब आणि स्फुरदाचा काही वाटा राहतो. तो लांब नेता येतो. पाण्यात अमोनियम आणि पालाश जातात. बरेच प्रकल्प इथे थांबतात आणि चोथ्याची पोती भरून त्यांना सेंद्रिय खत म्हणतात. पाण्याचा प्रश्न तिथेच राहतो, किंबहुना जास्त तीव्र होतो.

त्या पाण्यातून नत्र काढण्याची एक खात्रीची रीत आहे. पाणी तापवायचं, सामू दहाच्या आसपास न्यायचा आणि मनोऱ्यातून खाली सोडताना खालून हवा फुंकायची. अमोनिया हवेबरोबर निघतो आणि पुढे गंधकाम्लात पकडला की अमोनियम सल्फेट तयार होतं. म्हणजे गुरुजी ज्याला उडू देत नव्हते, त्याला मुद्दाम उडवून बाटलीत धरायचं. सामू वाढवायला चुना किंवा कॉस्टिक लागतो, त्याचा खर्च असतो. आधी नुसती हवा मारून पाण्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकला तर सामू आपोआप थोडा चढतो आणि रसायन वाचतं. उष्णता तर प्रकल्पात फुकटच असते, इंजिनाच्या किंवा बॉयलरच्या धुराची. अमोनियम सल्फेटमध्ये 21 टक्के नत्र असतं आणि गंधकही असतं. सोयाबीन, भुईमूग पिकवणाऱ्या आपल्या जमिनींना गंधक हवं आहे, आणि आपल्या विम्लतेकडे झुकलेल्या काळ्या मातीला हे आम्लधर्मी खत मानवतं. मला विचाराल तर मोठ्या प्रकल्पांसाठी हे तंत्र सगळ्यात आधी विचारात घ्यावं.

स्फुरदासाठी स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांचे समसमान रेणू एकत्र आले की त्याचे पांढरे स्फटिक पडतात. त्यात साडेबारा टक्क्यांच्या आसपास स्फुरद मूलद्रव्य असतं; ते पाण्यात हळूहळू विरघळतं, म्हणून वाहून जात नाही. माणसाच्या मूत्रपिंडात होणाऱ्या खड्यांपैकी एक प्रकार याच द्रव्याचा. प्रकल्पातल्या पंपांत आणि पाइपांत ही पांढरी पापडी धरते आणि फिटर ती छिन्नीने फोडून फेकून देतो. ते खत आहे, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. मात्र गाईम्हशींच्या स्लरीत स्ट्रुव्हाइट मिळवणं वराहपालनाच्या किंवा शहरी मैल्याच्या तुलनेत अवघड जातं. इथे स्फुरद बारीक कणांत कॅल्शियमशी जखडलेला असतो. आम्ल घालून तो आधी सोडवावा लागतो. परदेशातली आकर्षक चित्रं पाहून हे यंत्र मागवणाऱ्यांनी आधी आपल्या स्लरीची तपासणी करून घ्यावी.

पालाशाला असा कुठला सोपा स्फटिक नाही. तो पाण्यातच राहतो. त्याला पकडायचं तर पाणी आटवा किंवा पटलांतून दाबून गाळा. पटलं गाळाने लवकर चोंदतात आणि दाब द्यायला वीज लागते. नेदरलँड्ससारख्या देशात हे करतात, कारण तिथे गुरं आणि डुकरं इतकी आहेत की शेणमुताला जमीन पुरत नाही. युरोपात 1991 च्या नायट्रेट निर्देशाने जनावरांच्या खतातून द्यायच्या नत्राला हेक्टरी वर्षाला 170 किलोची सर्वसाधारण मर्यादा घातली. जास्तीचं उचलून दूर पाठवणं हा तिथला धंदा झाला. डेन्मार्कमध्ये स्लरी महिनोन्महिने झाकलेल्या टाक्यांत साठवतात आणि वसंतात पिकाच्या ओळीत नळ्यांनी जमिनीलगत सोडतात; वरून फवारा उडवायला तिथे बंदी आहे. या दोन देशांतून आपण काय उचलावं, याचं माझं उत्तर स्पष्ट आहे. डेन्मार्ककडून टाकी आणि नळी घ्यावी. नेदरलँड्सचं पटल आज घेऊ नये. त्यांच्याकडे खत जास्त आणि जमीन कमी. आपल्याकडे कर्बाला भुकेलेली जमीन कारखान्याच्या भिंतीला लागून पसरली आहे.

आणि इथे ऊसपट्ट्याला एक सुयोग लाभला आहे, ज्याचा उपयोग कुणी करताना मला दिसत नाही. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नेमका याच काळात तोड झालेल्या शेतांत खोडवा फुटत असतो. त्याला पाणी हवं असतं, नत्र हवं असतं, पालाश हवा असतो. म्हणजे प्रेसमडच्या प्रकल्पातून द्रव बाहेर पडायला लागतो तेव्हा कारखान्याच्या पंधरा किलोमीटरच्या परिघात त्याची वाट बघणारी हजारो एकर शेतं असतात. शिवाय ऊस घेऊन आलेले ट्रॅक्टर रिकामे परत जातात. त्यांना टाकी जोडता येते. पाटाच्या पाण्यात ठरावीक माप सोडलं की स्लरी पातळ होऊन सरीत मुरते, वर पाचट असलं तर अमोनियाही कमी उडतो आणि पाचट लवकर कुजतं. ठिबकमधून द्यायची असेल तर आधी निवळवून, जाळीतून आणि वाळूच्या गाळणीतून काढावी लागते, नाहीतर ड्रिपर एका आठवड्यात बंद पडतात. प्रत्येक टाकीचं नत्र, पालाश आणि क्षारता मोजून चिठ्ठीवर लिहून द्यायला हवी. शेतकऱ्याला युरियाच्या पोत्यावर 46 टक्के लिहिलेलं दिसतं. स्लरीच्या टाकीवरही आकडा दिसला तर तो तिला खत मानेल.

पावसाळ्याचे चार महिने मात्र खरे अडचणीचे. वर्षभर चालणारे प्रकल्प, नेपियर गवतावरचे, शेणावरचे, जूनमध्येही थांबत नाहीत. भिजलेल्या काळ्या जमिनीत टँकर रुततो आणि रुतला नाही तरी दिलेलं सगळं पहिल्याच झडीत ओढ्याला जातं. यावर उपाय एकच: झाकलेली, चार-पाच महिने पुरेल एवढी टाकी. ती महाग असते. प्रकल्पाच्या आराखड्यात पहिली कात्री तिलाच लागते.

शासनाने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. बायोगॅस प्रकल्पांसाठीची 'सतत' (SATAT) नावाची योजना 2018 पासून आहे. आंबवलेलं सेंद्रिय खत, घट्ट आणि पातळ दोन्ही, खत नियंत्रण आदेशात आलं आहे. 2023 साली अशा खताला टनामागे 1500 रुपयांचं विपणन साहाय्य मंजूर झालं. पण पातळ खताच्या एका टनात दीड-दोन किलो नत्र असताना आणि त्याला वाहून न्यायचा खर्च वेगळा असताना, वजनावर दिलेल्या पैशाचा ओढा पोत्यांकडेच जातो. मदत टनावर न देता शेतात खरोखर पोहोचलेल्या नत्र-पालाशाच्या किलोवर द्यावी, असं माझं मत आहे. आणि बायोगॅस प्रकल्पाला परवानगी देताना वायू कोण घेणार याचा करार जसा मागतात, तसा द्रव कोण घेणार याचाही मागावा: गट क्रमांकांसह, सातबाऱ्यांसह, शेतकऱ्यांच्या सह्यांसह, एकराला किती लिटर जाणार या आकड्यासह. जमीन आधी दाखवा, टाकी नंतर बांधा.

घरच्या गोबरगॅसवाल्यांना मी एवढंच सांगेन: खड्ड्यावर सावली करा, सोयाबीनचं भुसकट किंवा तुराट्यांचा भुगा टाकून स्लरी शोषून घ्या, दुपारच्या उन्हात शेतात पसरू नका आणि पसरल्यावर लगेच मातीआड करा.

इथे बसलेल्यांपैकी बरेच जण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे सभासद आहेत. तालुक्यात नव्या प्रकल्पांच्या जनसुनावण्या होतात, त्यांना गेल्या खेपेस किती जण गेलो, ते प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढच्या खेपेस जा. वायू किती निघणार हे ते स्वतःहून सांगतील. तुम्ही विचारायचं एवढंच: हे पाणी जूनमध्ये कुठे साठवणार आणि नोव्हेंबरात कोणाच्या शेतात जाणार? उत्तर लेखी घ्या.